माझं रक्त परत करा

सालूहाला ल्युकेमिया झाल्याचं कळलं तेव्हा रदेयफ गावातल्या निम्म्या बायका म्हणाल्या, बिचारी. उरलेल्या निम्म्या म्हणाल्या, तिच्या रक्तात शिरायची त्या रोगाची छाती तरी कशी झाली!

त्या दुसऱ्या निम्म्यांत तिची मुलगी रिहाबही होती. वय वर्षं सोळा, अंगात शाळेचा निळा डगला, हातात आईच्या कागदांची फुगलेली फाइल. बाप फॉस्फेटच्या धुलाई कारखान्यात पाळीवर. त्याला रजा मिळेना, आणि दवाखान्याचे कागद सगळे फ्रेंचमध्ये. त्यामुळे दर मंगळवारी आईला घेऊन राजधानीला, ट्यूनिसला जायचं काम रिहाबकडे आलं. आधी ती वर्गात हजेरी द्यायलाही पुटपुटायची. चार महिन्यांत तिला स्वतःचा आवाज सापडला, आणि एकदा सापडल्यावर तो खाली ठेवायला ती तयार नव्हती. रांगेत घुसणाऱ्यांना ती हाकलायची, नर्सला जाब विचारायची, औषधाच्या पिशवीवरचं नाव तीनदा वाचून घ्यायची. फक्त एका बाईपुढे तिचं काही चालत नसे.

"हळू चालव रे, लझर. मला कॅन्सरने मरायचंय, तुझ्या ब्रेकने नाही."

लझरमामा आरशातून हसायचा. त्याची स्वतःची लुआज, म्हणजे वाटणीची टॅक्सी होती. एरवी आठ माणसं भरल्याशिवाय ती स्टँडवरून हलायची नाही, पण मंगळवारी सालूहासाठी मागची अख्खी रांग रिकामी असायची. डोक्याला टक्कल, घरी तीन पोरं, आणि सालूहाचा शब्द म्हणजे ह्याला हुकूम.

"यम्मा, बसीसाचा घास खाऊन घे. डॉक्टरांनी रिकाम्या पोटी येऊ नका म्हटलंय."

"तू केलास ना? मग डॉक्टरांनाच दे. बघू, कोण आधी जातं."

अशी ती. केस गेले, भुवया गेल्या, तेरा किलो वजन गेलं. जीभ मात्र होती तेवढीच राहिली.

तर पहिल्या औषधांनी रोग दबला. दबला, गेला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा डोकं वर काढायच्या आत सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज जुळवून आईला द्यायचा, हा एकच खात्रीचा रस्ता. त्यांनी एक फॉर्म दिला. रिहाब पेन उघडून बसली.

"भावंडं किती, यम्मा?"

"भाऊ एक. लझर."

"आणि मावशी?"

"कोणती मावशी?"

सालूहाने हे अशा आवाजात विचारलं की रिहाबच्या पेनाने आपणहून 'एक' लिहिलं. आईशी वाद घालायचं धाडस झालं नाही हे खरं. पण दुसरंही एक खरं होतं: रिहाबलाही वाटलं की लझरमामा आहे ना, मग झालं. कळायला लागल्यापासून ती त्याला मामा म्हणत आली होती. ईदला त्याच्याकडून कपडे आणि चुकलं तर त्याच्याच हातचा धपाटा. मामाला आणखी काय लागतं? आडनावं वेगळी पाहून शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "आई एकच ना?" लझरमामा छाती फुगवून म्हणाला, "एकच!" त्या पोरग्याने 'बाप वेगळा' असं लिहून घेतलं आणि नळीभर रक्त काढलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं.

"ह्या माणसाचा आणि तुमचा काहीही संबंध नाही."

"तुमचं यंत्र बिघडलंय," सालूहा म्हणाली.

"एकही खूण जुळत नाही, बाई. रस्त्यावरचा कुणी उचलून आणला असता तरी ह्यापेक्षा बरं जुळलं असतं."

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्याला माझ्या आईच्या अंगावर पिताना!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग चष्माही काढून ठेवला.

"दूध? हा तुमचा दूधभाऊ आहे?"

"भाऊ तो भाऊ."

"दूध हाडात उतरत नाही हो."

"मग हाडं कशाची होतात? सिमेंटची?"

लझरमामा तोंड झाकून खोकत बाहेर पळाला. बाई हसल्या नाहीत. तीन आठवडे वाया गेले होते आणि ह्या रोगात तीन आठवडे म्हणजे चेष्टा नव्हे, हे त्यांनी ज्या पद्धतीने सांगितलं ते ऐकून रिहाबने हातातली फाइल मिटली. फॉर्म तिच्याच अक्षरात होता.

"एकाच आई-बापाचं कुणी आहे की नाही?"

"नाही," सालूहा म्हणाली.

"आहे," रिहाब म्हणाली. "बहीण. दलेंदा."

टेबलाखालून तिच्या मांडीला असा चिमटा बसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"ती मेली," सालूहा म्हणाली.

"ती गफ्सात शाळेचे डगले शिवते," रिहाब डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

परतीच्या वाटेवर सहा तास सालूहा खिडकीकडे तोंड करून बसली. रदेयफची पाटी आली तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "तिच्या दाराची पायरी चढलीस तर तंगडं मोडून हातात देईन."

ह्या दोघी बहिणींचं विळ्याभोपळ्याचं सख्य गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी दलेंदाचं लग्न ठरलं, ते ह्याच लझरशी. तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि तो तिच्यासाठी तोझरहून खजुराची पेटी खांद्यावर घेऊन यायचा. आठ महिने दलेंदाने उशांचे अभ्रे कशिद्याने भरले. लग्नाची कूसकूस चाळायला बायका जमल्या, आणि त्या भरल्या अंगणात सालूहा म्हणाली, हे लग्न होत नाही. लझर तान्हा असताना त्याची आई तापाने दवाखान्यात होती, आणि तो रडून रडून निळा पडला तेव्हा आपल्या आईने त्याला एका दुपारी अंगावर पाजलं. दलेंदा एका बाजूला, लझर दुसऱ्या बाजूला. सात वर्षांची मी दारात उभी होते. म्हणजे तो आपला दूधभाऊ, आणि दूधभावाशी लग्न धर्मात हराम.

आई तर केव्हाच वारलेली. साक्षीला दुसरं कुणी नाही. इमाम म्हणाले, एकदा असं कानावर आलं की मग जाऊ द्या, जगात दुसरी मुलं आहेत. लझर दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी येऊन सालूहाला 'ताई' म्हणाला. दलेंदाने अभ्रे अंगणात जाळले. ती बापाजवळ राहिली. बाप लकव्याने अंथरुणाला खिळलेला होता. आठ वर्षं त्याचं सगळं तिनेच केलं, आणि तो गेल्यावर जवळच्या गफ्सा शहरात निघून गेली. बहिणीशी एक शब्द नाही.

रिहाब पायरी चढली. शुक्रवारी, शाळेच्या डगल्यातच. शिलाईच्या दुकानात चार यंत्रं होती आणि दाराजवळच्या यंत्रावर आईचंच नाक घेऊन एक बाई बसली होती. तिने आधी रिहाबच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. डगल्याची कड उलटून पाहिली.

"माझी शिलाई आहे ही. खालची दुमड कुणी सोडवली?"

"मी. उंची वाढली माझी."

"उंची वाढली, अक्कल नाही. दोरा निळा तरी घ्यायचा होतास. कुणाची गं तू?"

"सालूहाची."

यंत्र थांबलं. बाकीची तीनही थांबली.

"मेली का?"

"नाही."

"मग कशाला आलीस?"

रिहाबने सगळं सांगितलं. सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात, ल्युकेमियापासून फॉर्मपर्यंत. दलेंदा कात्रीने दोरे कापत होती, कापायला काही नव्हतं तरी. लझरचं नाव आलं तशी कात्री थांबली.

"त्याचं रक्त तपासलं? काय निघालं?"

"काहीच जुळलं नाही. एकही खूण नाही."

दलेंदा उभी राहिली. तिचा चेहरा एकदम तरुण झाला, आणि ते बघायला भयंकर होतं.

"एकही नाही! ऐकलंत गं सगळ्या? एकही नाही! म्हणजे दुधाची गोष्ट खोटी होती! यंत्राने सांगितलं!"

रिहाब विज्ञान शाखेची. दूध रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, हे सांगायला तिला अर्धं वाक्य पुरलं असतं. ते अर्धं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिने गिळलं.

"यम्मापण आता तेच म्हणते," ती म्हणाली. "म्हणते, मी खोटं बोलले."

"ती असं म्हणाली? सालूहा?"

"तुला तोंडावर सांगणार आहे. मंगळवारी."

खोटं इतकं सफाईदार निघालं की रिहाबला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते शुक्रवारी. सोमवारपर्यंत ते कौतुक उरलं नव्हतं.

तिची योजना सरळ होती: आधी नळी, मग भेट. मंगळवारी दलेंदा बसने ट्यूनिसच्या दवाखान्यात आली. ठेवणीतला हिरवा झगा, डोळ्यांत सुरमा, जणू बारा वर्षांपूर्वीचं लग्न आज व्हायचं होतं. रिहाबने तिला परस्पर खालच्या मजल्यावर नेलं, दंड बांधायला लावला, नळी भरली, चिकटपट्टी लागली. मग जिना चढून ती तिला वर घेऊन गेली. सालूहा खुर्चीत रेलून रक्ताची पिशवी चढवून घेत होती. शेजारी दोन बायका, दारात नर्स बसमा.

सालूहाने डोळे उघडले. दलेंदाने आधी तिच्या रुमालाखालचं उघडं कपाळ पाहिलं. मग म्हणाली, "बोल. मी आले ऐकायला."

"काय बोलू? या, बसा, कॉफी घ्या?"

"खोटं बोलले म्हण. ह्या सगळ्यांच्या समोर."

"कोण खोटं बोललं?"

"तू! दुधाचं! तुझी पोरगी सांगून गेली."

सालूहाने मान वळवून रिहाबकडे पाहिलं. आयुष्यात तिने रिहाबला बरंच मारलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं.

"ही असं म्हणाली? बरं. मग ऐक, आलीच आहेस तर. तो प्यायला. दुपारची वेळ होती, आई उंबऱ्यावर बसली होती, तो डाव्या बाजूला होता आणि तू उजव्या. तू त्याला लाथ मारलीस. मी पाहिलं. मेले तरी पाहिलंच म्हणेन."

"यंत्राने सांगितलंय, तो तुझा कुणी नाही!"

"यंत्राला दुधातलं काय कळतं? इथली डॉक्टरीणच सांगते, दूध हाडात उतरत नाही. विचार तुझ्या भाचीला, सगळं ठाऊक आहे तिला!"

दलेंदाने रिहाबकडे पाहिलं. "खरं का गं?"

"हो," रिहाब म्हणाली. चार महिन्यांत सापडलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"दोघी सारख्या," दलेंदा हळू म्हणाली. मग हळू नाही. "माझं रक्त परत करा!"

"काय?" बसमा म्हणाली.

"खाली नळीभर काढलंय. परत आणा! मला ह्या बाईला थेंबही द्यायचा नाही!"

"अहो, नळी प्रयोगशाळेत गेली."

"मग तिथून आणा! माझं आहे!"

"आणून काय करणार?" सालूहा खुर्चीतून म्हणाली. "पिणार?"

शेजारच्या एका बाईला हसू आवरेना, दुसरी रडायला लागली, बसमाने दलेंदाला दंडाला धरून बाहेर काढलं. हिरवा झगा जिन्यावरून खाली जाताना शेवटपर्यंत ऐकू येत होता. खाली अंगणात लझर गाडीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दलेंदा—" आणि ती म्हणाली, "तीन दिवसांत भाऊ झालास तू! तीन दिवसांत! निदान महिनाभर तरी माणूस राहायचं होतंस!" मग ती बस पकडायला चालत गेली.

त्या दिवशी लुआजमध्ये रिहाब पुढे बसली. मागे आई होती म्हणून.

"यम्मा, तुला जगायचं नाही का? एक शब्द! एक खोटा शब्द बोलली असतीस तर—"

"खोटं बोलायला तू आहेस की घरात."

"ती नाही म्हणाली तर तू मरशील!"

"ओरडू नकोस. हे मला फ्रेंचमध्येसुद्धा कळलंय."

नळी मात्र प्रयोगशाळेतच राहिली होती. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. दलेंदाच्या सगळ्या खुणा जुळल्या. सगळ्याच्या सगळ्या, जणू एकाच कापडातून बेतलेल्या. पण मगज काढायला देणारीची स्वतःची सही हवी. "मी फोन केला होता," बाई म्हणाल्या आणि हसू मावळलं. "त्यांनी ठेवून दिला."

"आणि मग?" रिहाबने विचारलं.

"मग नावं नोंदवलेल्या परक्यांमध्ये शोधायचं. महिने लागतात. तुमच्या आईकडे महिने आहेत असं मी म्हणणार नाही."

सालूहा ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "तिचा मगज घेतला तर रक्त तिचं होईल माझ्यात?"

"हो. रक्तगटसुद्धा त्यांचाच होईल."

"या रब्बी," सालूहा म्हणाली. "एवढा कॅन्सर पुरेसा नव्हता?"

पुढच्या मंगळवारी तिला ताप होता, म्हणून दाखल करून घेतलं. रिहाबने पलंगावर चादर घातली, तोंडावर मास्क चढवला आणि आईच्या पायाशी बसली. भांडायचं होतं, पण आई डोळे मिटून पडली होती, आणि डोळे मिटलेल्या आईशी भांडायची सवय नव्हती तिला. तेवढ्यात दार उघडलं. ह्या वेळी हिरवा झगा नव्हता. कामावरचा डगला, खांद्यावर मोजपट्टी तशीच.

"नाही म्हणायला आलेय," दलेंदा म्हणाली. "फोनवर नाही. तुझ्या तोंडावर."

"म्हण आणि जा," सालूहा डोळे न उघडता म्हणाली. "दार लावून घे, जंतू येतात."

दलेंदा जागची हलली नाही. रिहाब उठली. ती बोलली, कारण आता उरलं होतं ते एवढंच. "मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले. यम्मा नाही. त्या कागदात दुधाचं काही नसतं. मला ठाऊक होतं."

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" मावशी म्हणाली. एकाच क्षणी, एकाच स्वरात. रिहाब खाली बसली.

मग सालूहाने डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाली, "प्यायला तो. ते नाही बदलणार."

"ठाऊक आहे. मला जन्माची लाथ मारायची सवय आहे. मारली असेल मी." दलेंदाचा आवाज फाटला. "पण तू आठ महिने गप्प बसलीस. पहिल्या दिवशी तो आमच्या दारात आला तेव्हा तू तिथेच होतीस! मी अभ्रे भरत होते आणि तू सुईत दोरा ओवून देत होतीस! तेव्हा नाही आठवलं?"

"आठवलं."

रिहाबने मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नसावं.

"मग?"

"वाटलं, एका दुपारचं दूध. कुणाला कळतंय. अल्लाला बघून घेऊ दे." सालूहाने ओठ ओले केले. "मग सातव्या महिन्यात बाबा लकव्याने पडले."

"मग?"

"मग तू गेलीस की ते अंथरूण माझ्या अंगावर येणार होतं. मला चार वर्षांचं पोर होतं. ही." तिने पायाने रिहाबला ढोसलं. "पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. बाबा पडले तेव्हा सांगितलं. झालं? आता जा."

दलेंदा पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. रडेल असं रिहाबला वाटलं. ती रडली नाही. बारा वर्षं जे ठाऊक होतं ते कानांनी ऐकल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती, म्हणजे रागाने काळीनिळी आणि जरा दमलेली.

"मोठ्याने बोल. शेवटचं नीट ऐकू नाही आलं."

"धाप लागते मला."

"लागू दे."

सालूहा कोपरावर उठली, आणि मोठ्याने बोलली. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तुझ्या गळ्यात बाबांना बांधायला मी ते सांगितलं!" मग खोकल्याने तिला खाली पाडलं.

"माफी माग."

"ती नाही मागणार. मागितली तर तू सही करशील म्हणून मागितली असं म्हणशील."

"म्हणेनच," दलेंदा म्हणाली. तिची नजर चादरीवर गेली आणि एकदम ती कडाडली. "हे काय आहे? चादर अशी घालतात? कोपरा कुणी केलाय हा?"

"मी," रिहाब म्हणाली.

"सुरकुती पडलीये पाठीखाली! तासाभरात कातडी लाल होईल, उद्या फुटेल, आणि मग माझा मगज घालूनही काही उपयोग नाही. ऊठ. ऊठ म्हणते ना! सालूहा, कूस बदल."

"हात लावू नकोस मला."

"मला हौस नाही. आठ वर्षं दिवसातून तीनदा बदललीये चादर, बाबांच्या पाठीला एक फोड नाही आला. कूस बदल, नाहीतर ढकलीन."

सालूहाने शिव्या देत कूस बदलली. दलेंदाने चादर अशी ओढली की पलंग हलला. तिने कोपरा गादीखाली खोचला, तळहाताने ठोकला, पुन्हा ठोकला, मग पलीकडे जाऊन दुसरा कोपरा धरला. मोजपट्टी खांद्यावरून घसरून सालूहाच्या तोंडावर पडली. तिने ती हाताने झटकून टाकली.

"तू बघत काय बसलीस?" दलेंदा रिहाबला म्हणाली. "जा, त्या डॉक्टरीणबाईकडून सहीचा कागद आण. आणि मी सही करेपर्यंत तू बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

रिहाब धावली. पायांत बूट आहेत की नाहीत ह्याची तिला शुद्ध नव्हती. मागून दोघींचा आवाज तिच्याबरोबर अख्खा व्हरांडा चालत आला.

"दुखतंय, हळू!"

"दुखू दे!"